खाली डबा

१२ मे. प्रयोगशाळेतला फ्रीज साफ करायचा होता. परीक्षा संपून कॉलेज ओस पडलं होतं आणि सुट्टी लागायच्या आत हे काम उरकायचं होतं. सकाळपासून वीज येत-जात होती. वरच्या कप्प्यातला बर्फ वितळून पाणी खाली ठिबकत होतं. घरच्या फ्रीजमध्ये असं पाणी ठिबकलं तर आपण फडकं घेतो. इथल्या फ्रीजमध्ये पाण्याशी उभं वैर असलेली एक बाटली होती.

मी मलकापूरच्या कॉलेजात रसायनशास्त्र शिकवते. शिकवण्यातून वेळ काढून मागच्या एका खोलीत थोडं संशोधन चालतं. खोलीत धूर ओढून घेणारं एक काचेचं कपाट, नायट्रोजनचं एक सिलिंडर, एक फ्रीज आणि एक विद्यार्थिनी. विद्यार्थिनी कोल्हापूरकडची. नवरा रेल्वेत, त्याची बदली इकडे झाली म्हणून ती आली आणि पीएच.डी.साठी माझ्याकडे लागली. हात नेटका, बोलणं तुटक.

आमचा विषय वर्गात सांगताना मी मुलांना सांगते, डावी चप्पल उजव्या पायात आणि उजवी डाव्या पायात घाला आणि स्टेशनपर्यंत चालून दाखवा. चप्पल तीच, चामडं तेच, शिवण तीच, तरी पाय मान्य करत नाही. काही रेणूंचे असेच जोड असतात. घटक तेच, जोडणी तीच, फक्त एक डावा आणि एक उजवा. शरीर त्यातला एकच ओळखतं. दुसरा पोटात गेला तर कधी वाया जातो, कधी अपाय करतो. साध्या पद्धतीनं बनवलं तर दोन्ही निम्मे-निम्मे मिळतात. आम्हाला एकच हवा असतो. त्यासाठी आम्ही जस्ताचं एक संयुग घेतो, डायएथिल झिंक, आणि त्याच्या जोडीला अमिनो आम्लापासून बनवलेला असा एक रेणू देतो, जो स्वतःच डावा किंवा उजवा आहे. जस्त म्हणजे मजूर आणि हा दुसरा रेणू मुकादम. मजुरानं कोणत्या बाजूनं काम धरायचं हे मुकादम ठरवतो. चांगला मुकादम शोधण्यात माणसाची वर्षं जातात.

मुकादम गरीब असतो, पांढरी पूड, कागदावर पडली तर पडली. मजूर तसा नाही. डायएथिल झिंकला हवा लागली की ते धूर सोडतं, जास्त लागली तर पेटतं. पाणी लागलं की त्यातून जळणारा वायू फसफसून बाहेर येतो. आमच्याकडे ते हेक्झेनमध्ये विरघळवलेलं यायचं आणि हेक्झेन म्हणजे पेट्रोलचाच भाऊबंद. तपकिरी काचेची बाटली, तोंडावर पत्र्याच्या कड्यानं घट्ट आवळलेलं रबरी बूच, वर प्लास्टिकचं टोपण. बुचातून सुई घालून लागेल तेवढंच काढायचं, तेही नायट्रोजन सोडून. ही बाटली एका पत्र्याच्या डब्यात येते आणि डब्यात ती हलू नये म्हणून चारी बाजूंनी सोनेरी चुऱ्यासारखं भरण असतं.

हे भरण आमच्या मावशींना फार आवडायचं. मावशी म्हणजे प्रयोगशाळेत काचसामान धुणाऱ्या बाई. गाव नदीपलीकडचं, रोज ऑटोनं यायच्या. "हे कुंडीत टाकलं का मोगरा कसा फुलते पाहा," म्हणायच्या. आधीचे रिकामे डबे भरणासकट मीच त्यांना दिले होते. संशोधनावरही त्यांचं लक्ष असायचं. विद्यार्थिनी उपकरणाला डोळा लावून बसली की मागून विचारायच्या, "काय ताई, आज डावं निघालं का उजवं?"

"दोन्ही निघालं, मावशी."

"मंग एक फेकून द्या. पूजेले डावं चालत नाही."

त्या दुपारी फ्रीजचे ट्रे मी बेसिनमध्ये घासत होते. विद्यार्थिनी काचेच्या कपाटात हात घालून उभी होती. एका हातात सुई, दुसऱ्यात फ्लास्क, म्हणजे मान वळवायची सोय नाही. नव्या मुकादमासोबतचा तिचा शेवटचा प्रयोग दुसऱ्या दिवशी व्हायचा होता आणि ती त्याची तयारी करत होती. मावशी फ्रीजमधली एकेक वस्तू काढून टेबलावर मांडत होत्या. त्यांनी पत्र्याचा डबा उचलला.

"ताई, हा डबा?"

"खाली," विद्यार्थिनी म्हणाली.

मी ते ऐकलं. कानाला काही खटकलं नाही. टेबलाखाली बर्फाची पेटी तयार होती आणि फ्रीज पुसून होईपर्यंत बाटली तिच्यातच जायची होती.

वीज आली, फ्रीज पुसला, सामान परत लागलं. मावशींची सुट्टी झाली, त्या पिशवी घेऊन गेल्या. त्यानंतर विद्यार्थिनीनं बर्फाची पेटी उघडली आणि उघडीच ठेवून माझ्याकडे पाहिलं.

"मॅडम, डबा कुठंय?"

सगळं कपाट पाहिलं. टेबलाखाली, टेबलावर, बेसिनजवळ, कचऱ्याच्या डब्यात. मग मी विचारलं, "तू मावशींना नक्की काय म्हणालीस?"

"खाली म्हणाले की. खाली ठेवा असं."

"ठेवा म्हणालीस?"

ती पुन्हा टेबलाखाली वाकून पाहू लागली.

मी संग्रामपूरकडची. आमच्या घरात तेलाचा डबा संपला की आई म्हणायची, डबा खाली झाला. आमच्याकडे खाली म्हणजे तळाला आणि खाली म्हणजे रिकामाही. हिंदीतून आलंय, पण आम्हाला ते हिंदी वाटत नाही. कोल्हापूरच्या मुलीला हे कुणी सांगितलं असणार? तिच्या लेखी डबा टेबलाखाली गेला होता. मावशींच्या लेखी तो रिकामा झाला होता. वजन लागलं तरी त्यांनी ते भरणाचं समजलं असणार. सांडू-फुटू नये असं सगळं लाल पट्टीनं ओळखायचं, असा आमचा नियम होता. लाल पट्टी बाटलीला होती, बाटली डब्याच्या पोटात होती.

मावशींचा फोन बंद. बॅटरी वाचावी म्हणून त्या तो बंद करून पिशवीच्या तळाशी ठेवत.

त्यांची लेक बाळंतपणाला आलेली होती, हे मला माहीत होतं. पेढे खाल्ले होते. महिन्याचं बाळ घरात. आणि बाळंतीण म्हटली की आमच्याकडे दोन्ही वेळा शेक. बाजेखाली निखाऱ्यांची शेगडी ठेवतात, वर ओवा आणि बाळंतशेपा टाकून धुरी देतात, मे असो की जानेवारी. मी विद्यार्थिनीला एवढंच म्हणाले, "त्यांच्या घरात शेगडी आहे." तिचा चेहरा उतरला. मी तिला भिंतीवरचं पावडरचं अग्निशामक काढायला लावलं आणि वाळूची लाल बादली स्वतः उचलली.

बादली स्कूटरच्या पुढच्या जागेत बसली. विद्यार्थिनी मागे अग्निशामक छातीशी धरून. उन्हासाठी तिनं तोंडाला नायलॉनचा स्कार्फ गुंडाळला होता, तो काढायला लावला. नायलॉन वितळून कातडीला चिकटतो. "मग तोंड भाजेल," ती म्हणाली. मी म्हटलं, "उन्हानं भाजलेलं बरं होतं."

रस्त्यावर माणूस नव्हतं. हायवेला ट्रकच्या सावलीत ड्रायव्हर झोपलेले, जिनिंगच्या फाटकांना कुलपं, फाटकापाशी गेल्या हंगामातल्या रुईचे बोळे काट्याकुपाट्यांना अडकलेले. हँडलचं रबर हाताला चटके देत होतं. असल्या उन्हात ऑटोच्या सीटखाली पत्र्याचा बंद डबा किती तापला असेल, याचा हिशेब डोक्यात आपोआप सुरू झाला. मी तो बंद केला. नदीत पाणी नव्हतं, नुसते दगड. पूल ओलांडताना मी गावावर नजर टाकली. धूर दिसत होता. जवळ गेल्यावर कळलं, कुणीतरी कचरा पेटवला होता.

मावशींचं घर गल्लीच्या टोकाला, मागे मोकळं वावर. दारात स्कूटर लावली तर पहिल्यांदा दिसल्या त्या मोगऱ्याच्या कुंड्या. मातीवर सोनेरी भरण ताजं पसरलेलं. शेजारी दगडावर पत्र्याचा डबा धुऊन पालथा घातलेला.

मावशी बाहेर आल्या. आधी स्कूटर पाहिली, मग लाल बादली, मग विद्यार्थिनीच्या कवेतलं अग्निशामक.

"माय वो! मॅडम, तुमी? या ना, सावलीत या."

"मावशी, डबा—"

"डब्यासाठी आल्या? एवढ्या उन्हात?" त्यांचा चेहरा बदलला. "मी काय चोरून आनला का? ताईले इचारून घेतला म्यां. काहून वो ताई, तुमीच म्हटलं ना खाली हाये?"

"मावशी, मी खाली ठेवा म्हणाले हो," विद्यार्थिनी रडकुंडीला आली.

"आता ठेवा म्हनते! डबा घेऊन जा तुमचा. धुऊन ठेवला हाये. इतके वर्स काम केलं, कोनी चोर नाही म्हटलं मले."

"डबा राहू द्या तुमच्याकडे," मी म्हटलं. "आतली बाटली कुठे आहे?"

"बाटली व्हय? टाकायचीच असन म्हटलं, लेकीनं घेतली. लेकराच्या मालिशचं तेल ठेवाले."

"उघडली?"

"मले काय माहीत."

मी चपला न काढता आत गेले. आतली खोली अंधारी, ओव्याच्या वासानं भरलेली. कोपऱ्यात शेगडी, निखारे लाल, राख धरू लागलेले. आढ्याला झोळी टांगलेली आणि झोळीत बाळ. लेक बाजेवर बसून कानाला फडकं बांधत होती. खोलीच्या दुसऱ्या टोकाला, मोरीच्या कडेला, प्लास्टिकची बादली पाण्यानं भरून ठेवलेली.

"बाटली कुठे आहे, बाई?"

"ते का? भिजू घातली, मॅडम. लेबल निंघत नव्हतं." तिनं बादलीकडे बोट केलं. "टोपन फिरवलं, तं आत अजून एक पत्र्याचं हाये, ते निंघेना. म्हटलं भिजू दे, मंग सांडशीनं काढतो."

मी बादलीत पाहिलं. बाटली आडवी, लाल पट्टी फुगून अर्धी सुटलेली. वर्षभर सुयांनी भोसकलेल्या बुचातून बारीक बुडबुडे एकामागून एक वर येत होते. बुडबुड्यांसोबत दुधासारखा एक पांढरा धागा निघून पाण्यात विरघळत होता. म्हणजे आत पाणी शिरू लागलं होतं आणि आतलं बाहेर येऊ लागलं होतं. बुडबुडे पाण्यावर फुटत होते आणि तो वायू खोलीत पसरत होता. शेगडी चार हातांवर.

मी आवाज चढवला नाही. चढवला असता तर लेक घाबरून उठली असती आणि पहिल्यांदा शेगडीलाच पाय लागला असता.

"बाळाला घे आणि समोरच्या दारानं बाहेर जा. झोळी राहू दे, बाळ घे. शेजारी जा आणि मी हाक मारेपर्यंत येऊ नकोस."

"काऊन? अजून शेक—"

"जा म्हणते ना."

तिनं आईकडे पाहिलं. मावशी अजून रागात होत्या, पण माझा सूर त्यांनी ओळखला. परीक्षेत एका मुलाच्या हातात आम्लाची बाटली फुटली होती, तेव्हाही मी याच सुरात बोलले होते. "जाय वो," त्या लेकीला म्हणाल्या. "त्या सांगते तसं कर."

बाळ बाहेर गेलं. मग शेगडी. निखाऱ्यांवर पाणी टाकायचं नव्हतं, ठिणग्या उडाल्या असत्या. विद्यार्थिनीनं त्यांवर राख दाबली आणि शेगडी उचलून समोरच्या दारानं रस्त्यापलीकडे नेऊन ठेवली. मी खिडकी आणि मागचं दार उघडलं. मावशींना स्वयंपाकाच्या गॅसचं बटण बंद करायला सांगितलं, दिव्याच्या बटणाला हात लावू नका म्हटलं. आता त्या काही विचारत नव्हत्या.

"घमेलं आहे? आणि सांडशी द्या."

बादलीचा दांडा एका बाजूनं मी धरला, एका बाजूनं विद्यार्थिनीनं. मागच्या दारानं वावरात निघालो. ढेकळांमधून चालायचं, पाणी हिंदकळू द्यायचं नाही. काळ्या मातीला पाऊल जाईल एवढ्या भेगा पडलेल्या. गल्लीतला एक माणूस कुंपणावरून पाहत होता.

"मॅडम, बॉम्ब हाये का?"

"हो," मी म्हटलं. "घरात जा."

तो हसला. मी हसले नाही, तेव्हा तो गेला.

घरापासून पुरेसं लांब आल्यावर बादली टेकवली. घमेल्यात निम्मी वाळू ओतली. बाटली पाण्यात ठेवावी तर आतला दाब वाढत जाणार, काढावी तर हवा लागणार. दोन्ही वाईट. पाण्यातलं जास्त वाईट. विद्यार्थिनीला अग्निशामक धरून वाऱ्याच्या बाजूला उभं केलं, तोंड फिरवलं आणि सांडशीनं बाटली मानेला धरून वर काढली.

बूच हवेत येताच धुराची पांढरी दोरी सुटली. मग बुचावर बोटभर ज्योत उभी राहिली. दुपारच्या उन्हात ती नीट दिसतही नव्हती, फक्त तिच्यामागची ढेकळं थरथरत होती. मी बाटली वाळूत उभी रोवली आणि उरलेली वाळू वरून ओतली. ज्योत दबली. वाळूतून थोडा वेळ धूर येत राहिला, मग थांबला. सांडशी माझ्या हातातून सुटेना; विद्यार्थिनीनं बोटं एकेक करून सोडवली.

ते घमेलं स्कूटरवर घालून हायवेनं नेणं मूर्खपणा होता. भोवतीचं वाळलं तण उपटून गोल मोकळा केला. वावराच्या मालकाला मावशींकडून निरोप धाडला की उद्यापर्यंत इकडे कुणी फिरकायचं नाही, ना माणूस, ना गुरं. विद्यार्थिनी म्हणाली, "शेवटची बाटली होती, मॅडम." मी म्हटलं, "दुसरी मागवू." तिचा प्रबंध लांबणार होता.

निघताना लेक बाळ घेऊन दाराशी उभी होती. मी तिला सांगितलं, कॉलेजातली बाटली पुन्हा घरात घेऊ नकोस. ती ओशाळून म्हणाली, "मजबूत असते, म्हणून घेतली. गल्लीत कोनाकोनाकडे हाये, तं मले वाटलं आपल्याकडे बी असावी."

"कुणाकडे आहे?"

मावशींनी लेकीकडे डोळे वटारले. मी ते पाहिलं. बाळ रडायला लागलं आणि विषय तिथंच राहिला.

दुसऱ्या दिवशी उजाडताच मी एकटीच वावरात गेले. बर्फ, कोरडं टोल्युइन आणि आयसोप्रोपिल अल्कोहोल सोबत नेलं होतं. उरलेलं थंड करून, हळूहळू मारून टाकायचं ठरवलं होतं. ते लागलं नाही. घमेलं उपडं पडलं होतं. वाळू चौफेर उडालेली, तिच्यावर पांढरा चुना पसरल्यासारखा थर. बाटलीचे तुकडे ढेकळांत विखुरलेले, एक भेगेत खोल गेलेला. आम्ही साफ केलेल्या गोलाबाहेरचं तण काळं पडलं होतं आणि ती काळी पट्टी बांधापर्यंत जाऊन विझली होती. बांधापलीकडे कुणाची तरी कपाशीची वाळलेली पऱ्हाटी जळणासाठी रचून ठेवलेली होती.

मावशी मागून आल्या.

"हे घरात झालं असतं?"

"हो."

त्यांनी पदर तोंडाशी नेला, मग खाली सोडला. त्यांना रडायला वेळ द्यावा असं मला वाटलं नाही.

"मावशी, गल्लीत कुणाकुणाला बाटल्या दिल्यात?"

"त्या खाली होत्या, मॅडम," त्या म्हणाल्या आणि लगेच थांबल्या. "रिकाम्या होत्या. रिकाम्या. धुऊन देल्या म्यां. भंगारात टाकत होते, म्हटलं कामी येतील."

"कुणाला?"

त्या पुढे चालू लागल्या. मी काचेचे दिसतील तेवढे तुकडे मावशींच्या दारातल्या त्याच पत्र्याच्या डब्यात भरले, डबा स्कूटरला अडकवला आणि त्यांच्या मागे गल्लीत गेले. पहिल्या दाराशी एक म्हातारी बाई अंगणात सडा टाकत होती.

"काकू, कॉलेजातली बाटली आहे ना तुमच्याकडे? तपकिरी?"

"हाये ना. काऊन?"

"काय ठेवलंय तिच्यात?"

"सुनेनं मध भरला हाये. नातवाले खोकला हाये ना, त्याले चाटवतो."

"आणा बाहेर," मी म्हटलं.

तिनं मावशींकडे पाहिलं. मावशींनी मान हलवली. ती बाटली घेऊन आली. लेबल खरवडून काढलं होतं, पण निम्मं राहिलं होतं, आणि कवटीच्या खुणेवर मधाचा ओघळ वाळला होता. मी बूच काढून मध मातीत ओतला. म्हातारी ओरडली, आतून सून धावत आली. त्या दोघींचं बोलून होईपर्यंत मी तिथंच उभी राहिले. मग बाटली डब्यात घातली आणि मावशींना म्हटलं, "पुढचं घर."